श्रीमंती आली की प्रदूषण आपोआप घटतं का?

"आधी विकास होऊ द्या, प्रदूषणाचं नंतर बघू," असं विकसनशील देशांत वारंवार ऐकू येतं. या म्हणण्याला आधार दिला जातो तो एका आलेखाचा. दरडोई उत्पन्नाबरोबर प्रदूषण आधी चढतं आणि एका टप्प्यानंतर उतरू लागतं. याला 'पर्यावरणीय कुझनेट्स वक्र' म्हणतात. 1991 मध्ये जीन ग्रॉसमन आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांना वेगवेगळ्या देशांतल्या शहरांच्या हवेत सल्फर डायऑक्साइडचा असाच चढउतार आढळला. वळण येत होतं दरडोई चार ते पाच हजार डॉलरच्या आसपास (1985 च्या किमतींनुसार).

पण हा वक्र सगळ्या प्रदूषकांना लागू पडत नाही. सल्फर डायऑक्साइडचा त्रास चिमणीच्या आसपासच्यांना लगेच जाणवतो, त्यामुळे तक्रारही लगेच होते. उपायही माहीत आहे: धुरावर चुनखडीची भुकटी पाण्यात कालवून फवारली की बहुतेक वायू अडतो आणि हाती जिप्सम येतं. कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही. तो जगभर पसरतो, शेजाऱ्याला जाणवत नाही, त्यामुळे नुसतं उत्पन्न वाढलं म्हणून त्याला आळा बसत नाही. म्हणजे प्रदूषण पैशाने घटत नाही, ते घटतं झळ बसणाऱ्यांचा आवाज पोहोचला तर.

मग झळ दुसऱ्या देशात पाठवली तर? कडक नियमांमुळे कारखानेच गरीब देशांत पळतात, ही भीती अंशतःच खरी ठरते. बहुतेक उद्योगांत प्रदूषण रोखण्याचा खर्च एकूण खर्चाच्या मानाने कमी असतो. कारखाना कुठे उभारायचा हे कच्चा माल, मजुरी, वीज आणि बंदर यांवर जास्त ठरतं. कचऱ्याचं गणित मात्र वेगळं आहे. तिथे विल्हेवाटीचा खर्च हाच मुख्य खर्च, म्हणून कचरा स्वस्त जागेकडे सहज वाहतो. 2018 च्या सुरुवातीला चीनने बहुतेक प्लॅस्टिक कचऱ्याची आयात थांबवली, तेव्हा काही महिन्यांतच ते कंटेनर मलेशिया, व्हिएतनाम आणि थायलंडकडे वळले.

ई-कचऱ्यात हे सर्वांत भीषण दिसतं. आतलं तांबं काढण्यासाठी जाड केबल सुरीने सोलता येते. बारीक तारा सोलायला वेळ फार लागतो, म्हणून त्या जाळतात. इंधन म्हणून टायर किंवा जुन्या फ्रिजमधला फोम. तारेवरचं आवरण बहुधा पीव्हीसी या प्लॅस्टिकचं असतं, आणि शुद्ध पीव्हीसीत निम्म्याहून जास्त वजन क्लोरीनचं असतं. उघड्यावरच्या अर्धवट ज्वलनात, साधारण 200 ते 450 अंश सेल्सिअसला, तांबं स्वतःच उत्प्रेरक बनतं आणि डायॉक्सिन ही अत्यंत विषारी संयुगं तयार होतात. ती राखेसोबत मातीत उतरतात, तिथून कोंबड्यांच्या अंड्यांत पोहोचतात. जळलेल्या तांब्याला भावही कमी मिळतो. तारा बारीक चिरून तांबं आणि प्लॅस्टिक वजनानुसार वेगळं करणारी यंत्रं आहेत, त्यात काही जाळावं लागतच नाही. पण त्यांना भांडवल आणि अखंड वीज लागते.

जानेवारी 2025 पासून, घातक कचऱ्याच्या देशोदेशींच्या वाहतुकीवर नियंत्रण ठेवणाऱ्या बासेल कराराखाली कोणताही ई-कचरा पाठवण्याआधी घेणाऱ्या देशाची लेखी संमती आवश्यक झाली आहे. ही दुरुस्ती सुचवणाऱ्या दोन देशांपैकी एक घाना होता, ज्याची राजधानी अशा जाळपोळीसाठी वर्षानुवर्षं ओळखली गेली. पळवाट उरते ती 'वापरलेला माल' या शब्दांत: बंद पडलेले संगणक त्याच नावाने येतात. म्हणून कंटेनर भरण्यापूर्वीच प्रत्येक वस्तू वीज जोडून चालवून पाहावी आणि निकालाची नोंद तिच्यावर चिकटवावी. बंदरावर उतरल्यानंतर तपासणाऱ्याकडे ना वेळ असतो, ना तो माल परत पाठवण्यासाठी पैसा.