बाटली, परवाना आणि पोराचं वय: खानदेशातली पार्श्वभूमी

हळदीच्या रात्री डीजेच्या आडोशाला किंवा शेताच्या बांधावर पोरं पिताना सापडली की धुळे, जळगाव, नंदुरबार, कुठल्याही गावात पालकांचा पहिला प्रश्न एकच असतो: मिटेल ना? मिटणं न मिटणं बरंचसं पोराच्या वयावर आहे. सतरा, एकोणीस आणि चोवीस या तीन वयांना कायदा तीन निरनिराळ्या तऱ्हांनी वागवतो. त्यामागे जवळपास दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

सातपुड्यात दारू घरचीच होती. उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे मोहाची फुलं वेचायची, वाळवायची, भिजत घालून आंबवायची, मग भट्टी लावायची. पहिली धार देवाला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणं आणि विकणं सरकारी परवान्याखाली आणलं आणि घरची भट्टी गुन्हा ठरली. हेतू व्यसनमुक्तीचा नव्हता, महसुलाचा होता. भिल्ल-पावऱ्यांना मग दुकानातून विकत घ्यावी लागली, तीही पुष्कळदा उधारीवर. उधारीच्या मागे जमीन गेली.

दारू सोडण्याची हाक मात्र दारूबंदीच्या कायद्याच्या आधी समाजातूनच आली, आणि मला हा सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. १९२२ च्या सुमारास पश्चिम खानदेश आणि सुरतेच्या सीमाभागात देवी आंदोलन पसरलं. अंगात आलेल्या देवीचा आदेश होता: दारू सोडा. १९३८ मध्ये तळोद्याजवळच्या मोरवडला गुलाम महाराजांच्या आरतीला हजारो आदिवासी जमू लागले. तिथेही शिकवण तीच. पुढे १९७० च्या दशकात शहाद्याच्या श्रमिक चळवळीत बायांनी गुत्त्यांवर चाल करून दारूची मडकी फोडली. त्यांना कुठल्या कलमाची गरज पडली नाही.

सरकारी बंदी आली ती १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने. आज महाराष्ट्रात बाटलीसकट सापडलेल्या माणसावर गुन्हा लागतो तो याच कायद्याखाली. बाळगणं आणि पिणं, दोन्ही परवान्याशिवाय गुन्हा. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काही तरतुदी रद्द केल्या, पण कायद्याचा गाभा टिकला. पुढे बंदी सैल झाली, दुकानं उघडली, तरी परवान्याची अट राहिली. एक दिवसाचा परवाना देशीसाठी दोन रुपये, विदेशीसाठी पाच. किती जण तो काढतात, हे कुठल्याही दुकानासमोर उभं राहिलं की कळतं. रक्तात ०.०५ टक्के किंवा त्याहून जास्त मद्यार्क निघाला, तर दारू घेतली नव्हती किंवा औषधातून गेली हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येते. वयाची अट बीअर-वाइनला २१, कडक दारूला २५; म्हणजे चोवीसच्याला बीअरचा परवाना मिळतो, कडक दारूचा नाही.

१ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली. कायदा एकच होता, पण गुजरातने बंदी कडक ठेवली. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. एकाच फलाटावर दारूचे दोन कायदे. अशा सीमेवर चोरटी वाहतूक आलीच, आणि तिथे लहान पोरांना वापरणं सोपं जातं.

म्हणून अठराच्या आतल्या मुलांसाठीचा बाल न्याय कायदा महत्त्वाचा. २००० च्या कायद्यात मुलाला दारू देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होती. २०१५ च्या कायद्याने ती सात वर्षांपर्यंत नेली, वर एक लाखापर्यंत दंड. मुलाकडून दारू विकून किंवा वाहून घेणाऱ्यालाही हीच शिक्षा. मे २०२४ मध्ये पुण्यातल्या कार अपघातानंतर सतरा वर्षांच्या मुलाला दारू देणाऱ्या बारवाल्यांवर याच कायद्याखाली गुन्हे दाखल झाले. अठराच्या आतल्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं आणि त्याचं नाव छापायला बंदी आहे. मुलगा गाडी चालवत असेल तर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालक किंवा गाडीमालकालाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

खरा अडकतो तो एकोणिसाचा. मतदानाला सज्ञान, परवान्याला लहान. बाल न्यायाचं संरक्षण संपलेलं, त्यामुळे गुन्हा थेट त्याच्या नावावर. आमच्याकडे पहाटे रस्त्याने धावणारी पोरं बहुतेक पोलीस किंवा सैन्य भरतीची तयारी करत असतात. भरतीत चारित्र्य पडताळणी असते आणि दाखल गुन्ह्यांची माहिती मागितली जाते. दंड भरून मोकळं झालेलं प्रकरणही तिथे लिहावं लागतं. २०१६ च्या अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किरकोळ गुन्हा असेल तर त्याचं स्वरूप पाहून उमेदवाराला सवलत देता येते, पण माहिती खरी द्यायला हवी. म्हणून 'लिहू नको, कोण बघतंय' असा सल्ला जो कुणी देतो, तो त्या पोराची नोकरी घालवतो.