हौसातले दोन ‘तो’: ‘शी’ आणि ‘या’

हौसा भाषा शिकायला घेतली की सुरुवातीलाच ‘तो’साठी दोन शब्द पुढ्यात येतात. एक ‘शी’ आणि दुसरा ‘या’. (पहिला शब्द मराठी कानाला जरा ओशाळवाणा वाटतो, पण त्याला इलाज नाही.) ‘ती’ची तीच तऱ्हा: ‘इता’ आणि ‘ता’. शब्दांच्या यादीत दोघांपुढेही अर्थ एकच छापलेला असतो. त्यामुळे नवखा माणूस धरून चालतो की हे समानार्थी आहेत, जो आठवेल तो वापरावा. इथेच गाडी रुळावरून घसरते. ‘शी’ कोणाबद्दल बोलतोय ते सांगतो. ‘या’ कोणाबद्दल हेही सांगतो आणि क्रिया झाली, होणार की व्हावी हेही सांगतो. म्हणजे मराठीत जे काम क्रियापदाचं शेपूट करतं, त्यातलं बरंचसं हौसात सर्वनामाकडे आहे.

हौसा ही उत्तर नायजेरिया आणि दक्षिण नायजरमधली मोठी भाषा. कानो, कात्सिना, सोकोतो, झिंदेर ही तिची शहरं. शिवाय पश्चिम आफ्रिकेच्या बऱ्याच बाजारपेठांत परक्यांशी बोलायची भाषा म्हणूनही ती चालते. कूळ आफ्रो-आशियाई, म्हणजे अरबीची लांबची नातलग. ती आज मुख्यतः ‘बोको’ नावाच्या रोमन लिपीत लिहितात. अरबी अक्षरांत लिहायची ‘अजमी’ पद्धत त्याहून जुनी.

पुढची उदाहरणं मी देवनागरीत देतोय, आणि त्यात एक फायदा आहे तो लवकरच दिसेल. फक्त एक सवलत घेतो. आपण शब्दाच्या शेवटचा ‘अ’ उच्चारत नाही, तो गिळून टाकतो. म्हणून ‘इता’, ‘सुका’ अशा मोठ्या शब्दांत शेवटी ऱ्हस्व स्वर असला तरी काना दिला आहे. एकाक्षरी शब्दांत मात्र काना आहे म्हणजे दीर्घ, नाही म्हणजे ऱ्हस्व, हे काटेकोर पाळलं आहे.

आता एकच क्रियापद घेऊ: ‘झो’, म्हणजे येणं.

या झो: तो आला.
झै झो: तो येईल.
यकन् झो: तो येत असतो.
य झो: त्याने यावं.
बै झो ब: तो आला नाही.

पाचही वाक्यांत ‘झो’ जागचा हललेला नाही. सगळी उलथापालथ त्याच्या आधीच्या तुकड्यात झाली आहे. ‘तो येतोय’ म्हणायचं असेल तेव्हा मात्र ‘यना झुवा’ होतं, कारण चालू काळात क्रियापदाऐवजी त्याचं नाम येतं, ‘येणं’सारखं. मराठीत याच्या उलट: आला, येईल, येत असतो, यावं, बदलतं ते क्रियापद आणि ‘तो’ बहुतेक वेळा तसाच राहतो. बहुतेक वेळा, कारण ‘तो खातो’ पण ‘त्याने खाल्लं’ हे आपल्याकडेही आहेच. काळ बदलला की कर्त्याचं रूप बदलतं ही कल्पना मराठी माणसाला अगदीच परकी नाही. फरक एवढाच की आपल्याकडे ‘तो आला’ आणि ‘त्याने खाल्लं’ यांत क्रियापद सकर्मक आहे की अकर्मक हे बघावं लागतं. हौसाला त्याची फिकीर नाही. यायचं असो की खायचं, ‘या’ तो ‘या’.

यातून पहिला नियम निघतो, आणि मराठी माणसाला सगळ्यात जड जातो तो हाच: ‘या’ गाळता येत नाही. आपण सर्वनाम सर्रास गाळतो. ‘काय झालं?’, ‘आला’, एवढ्यात भागतं. कर्ता नावानिशी असेल तर सर्वनामाचा प्रश्नच नाही. ‘औदू तो आला’ कोणी म्हणत नाही. हौसात मात्र तसंच म्हणावं लागतं: ‘औदू या झो’. शब्दशः मांडलं तर ‘औदू त्याने-केलं येणं’. मधला ‘या’ फालतू समजून काढून टाकला तर उरतं ‘औदू झो’, आणि त्याचा अर्थ होतो ‘औदू, ये!’ आज्ञार्थात हा तुकडा लागत नाही, म्हणून तो नसला की ऐकणाऱ्याला आज्ञाच ऐकू येते. बातमी द्यायला गेलात आणि हाक मारून आलात, असा प्रकार.

नामासोबत सर्वनाम कसं बसतं याचा छापील नमुना म्हणजे 1939 साली सुरू झालेलं हौसा वर्तमानपत्र, ज्याचे पहिले संपादक अबुबकर इमाम होते. त्याचं नाव ‘गस्किया ता फि क्वबो’. गस्किया म्हणजे सत्य, फि म्हणजे वरचढ असणं, क्वबो म्हणजे पैसा, अगदी छोटं नाणं. सत्य पैशाहून मोलाचं. मधला ‘ता’ तिथे आहे कारण त्याच्याशिवाय वाक्य उभंच राहत नाही. आणि तो ‘या’ नसून ‘ता’ आहे कारण सत्य हौसात स्त्रीलिंगी. नपुंसकलिंग तिथे नाहीच. आपल्या ‘ते’ला दोनपैकी एका रांगेत जाऊन उभं राहावं लागतं. ‘आ’कारान्त नामं बहुधा स्त्रीलिंगी, पण ‘गिदा’ (घर) आणि ‘रुवा’ (पाणी) पुल्लिंगी निघतात. अनेकवचनात मात्र सगळी सुटका: तिथे लिंगभेदच नाही. आपले ते, त्या आणि ती हे तिघेही एका ‘सू’त मावतात, आणि क्रियापदाआधी आले की एका ‘सुन्’मध्ये.

मग ‘शी’ कुठे लागतो? जिथे क्रियापद सोबत नाही तिथे. ‘शी मलमी ने’, तो शिक्षक आहे. ‘इता मलमा चे’, ती शिक्षिका आहे. ‘द’ म्हणजे ‘आणि’ किंवा ‘बरोबर’, त्याच्यापुढे: ‘नी द शी’, मी आणि तो. आणि प्रश्नाच्या एकशब्दी उत्तरात. कोणी विचारलं ‘वा य तफि?’ (कोण गेलं?), तर उत्तर ‘शी’ किंवा ‘शी ने’. नुसतं ‘या’ म्हटलं तर ऐकणारा पुढचं ऐकायला थांबून राहील, कारण ‘या’ला एकटं उभं राहता येत नाही.

इथपर्यंत वाटणी सरळ आहे. गंमत येते ती दोघं एकाच वाक्यात आले की.

शी कुमा या तफि: तो मात्र गेला.
शी ने य तफि: गेला तो तोच.

पहिल्या वाक्यात ‘शी’ने विषय काढला आणि मग साधं विधान केलं. दुसऱ्यात गेला हे दोघांनाही ठाऊक आहे; कोण, एवढंच सांगायचं आहे. मराठीत आपण हे काम ‘च’ लावून किंवा शब्द मागेपुढे करून भागवतो. हौसातही ‘ने’ आहे, ‘शी’ पुढे आणून ठेवला आहे, पण तेवढ्यावर ती थांबत नाही. ‘या’चा ‘य’ करते. जोर एका शब्दावर दिला की पलीकडे सर्वनामाचा काना उडतो. ‘कोण’, ‘काय’, ‘कधी’ अशा प्रश्नांतही हाच ऱ्हस्व ‘य’ येतो, आणि गोष्ट सांगताना एकामागून एक घटना येतात तेव्हाही. म्हणून वर ‘वा य तफि’मध्ये काना नव्हता. अनेकवचनात फरक चांगला ठळक होतो: ‘सुन् झो’ म्हणजे ते आले, पण ‘कोण कोण आले?’ हे ‘सू वा सुका झो?’ तिथे ‘सुन्’ चालतच नाही. माझं मत विचाराल तर हा नियम ‘या’वर शिकूच नये, ‘सुन्’ आणि ‘सुका’वर शिकावा. जोडी कानाला वेगळी वाजते, गोंधळ होत नाही, आणि एकदा ती बसली की ‘या’ आणि ‘य’ त्याच साच्यात जाऊन पडतात.

आता देवनागरीचा तो फायदा. ‘या झो’ आला, ‘य झो’ यावं, आणि ‘ने’नंतरचा ‘य झो’ म्हणजे ‘तोच आला’. रोज छापल्या जाणाऱ्या बोको लिपीत ही तिन्ही अक्षर न अक्षर सारखी दिसतात, कारण ती ऱ्हस्व-दीर्घ दाखवत नाही आणि स्वराचा चढउतारही दाखवत नाही. आपल्या लिपीत निदान काना तरी दिसतो. पण शेवटच्या दोघांतला फरक आपल्यालाही लिहिता येत नाही: ‘तोच आला’मधला ‘य’ वरच्या सुरात, ‘त्याने यावं’मधला खालच्या. ‘इना सो औदू य झो’ म्हणजे ‘औदूने यावं असं मला वाटतं’. इथे ‘य’वर आवाज खाली येतो. हे डोळ्यांनी शिकायचं कामच नाही. बीबीसीची हौसा सेवा 1957पासून चालू आहे, आणि बातम्या सांगणारी माणसं नीट, सावकाश बोलतात. कागद बाजूला ठेवून नुसते ‘या’ टिपत बसावं.

आणखी एक जुळं आहे. ‘त्याला’ म्हणायला हौसात ऱ्हस्व ‘शि’ येतो आणि ‘तिला’ म्हणायला ऱ्हस्व ‘त’, क्रियापदाच्या मागून. ‘ना गन् शि’, मी त्याला पाहिलं. ‘ना गन् त’, मी तिला पाहिलं. तेव्हा ‘ता गन् त’ हे वाक्य चुकून दोनदा लिहिलेलं नाही: तिने तिला पाहिलं. ‘शी’ आणि ‘शि’ इतके जवळचे की पुल्लिंगात चूक झाली तरी खपून जाते; स्त्रीलिंगात ‘गन् इता’ म्हटलं की लगेच उघडं पडतं. मालकी दाखवायला तिसरंच रूप, नामाला चिकटलेलं: ‘गिदन्सा’ त्याचं घर, ‘गिदन्ता’ तिचं.

समोरच्याशी बोलताना मराठी माणूस दोन गोष्टी शोधतो: आदर आणि लिंग. ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’, ही आपली पहिली धास्ती. हौसात अमीराला, म्हणजे राजालाही, ‘रन्का य दडे’ म्हणतात: तुझं आयुष्य वाढो. त्यातला ‘का’ एकवचनी आहे. आदर आहे तो त्या आशीर्वादात. (‘दडे’च्या आधीचा ‘य’ ओळखीचा वाटला असेल, हाच तो ‘व्हावं’वाला.) लिंग मात्र टळत नाही. आपण ‘तू’ दोघांनाही म्हणतो आणि लिंग ‘आलास’, ‘आलीस’मध्ये ठेवतो. तिथे ते ‘तू’मध्येच आहे: पुरुषाला ‘कै’ आणि क्रियापदाआधी ‘का’, बाईला ‘के’ आणि क्रियापदाआधी ‘किन्’. ‘का झो’, तू आलास. ‘किन् झो’, तू आलीस. बाईला उद्देशून तेच मानवंदनेचं वाक्य ‘रन्की य दडे’ होतं. हा ‘क’ फार जुना आहे. अरबीतही पुरुषाला ‘-क’, बाईला ‘-कि’ असा प्रत्यय लागतो, आणि ‘अस्सलामु अलैकुम’मधला ‘कुम’ त्याच घरातला.

दोन्ही रांगा वेगळ्या का मानायच्या, याचा सगळ्यात पक्का पुरावा मला ‘अन्’मध्ये दिसतो. ‘शी’ची रांग आठ जणांची: नी, कै, के, शी, इता, मू, कू, सू. ‘या’ची नऊ जणांची: ना, का, किन्, या, ता, मुन्, कुन्, सुन् आणि हा नववा ‘अन्’. कर्ता कोण हे सांगायचं नसेल किंवा तो कोणीच नसेल तेव्हा ‘अन्’ येतो. ‘अन् गमा’, म्हणजे आटोपलं. कोणी आटोपलं हा सवालच नाही. त्याचं चालू रूप ‘अना’: ‘अना रुवा’, पाऊस पडतोय. ‘शी’च्या रांगेत याला जोडीदार नाही, असूही शकत नाही, ज्याच्याकडे बोट दाखवायचं तोच नाही, तर बोट दाखवणारा शब्द कशाला? पण काळ दाखवायचा राहतोच, म्हणून ‘या’च्या रांगेत त्याची जागा आहे.

हे सगळं एका दमात ऐकायचं असेल तर हौसातली लोककथा सुरू होताना ऐकावी. सांगणारा म्हणतो, ‘गा त नन्, गा त नन् कु!’ (ही बघा आली गोष्ट.) ऐकणारे म्हणतात, ‘त झो मु जी त’. गोष्ट स्त्रीलिंगी, म्हणून पहिला ‘त’ म्हणजे ‘तिने यावं’, ‘मु’ म्हणजे ‘आपण’, तोही ‘व्हावं’वाला, शेवटचा ‘त’ म्हणजे ‘तिला’. येऊ दे, आपण ऐकू. एवढ्याशा उत्तरात तीन सर्वनामं आहेत आणि तिन्ही ऱ्हस्व. त्यातलं एकही ‘इता’ किंवा ‘मू’ने बदलता येत नाही. पहिला ‘त’ लांबवून ‘ता झो’ म्हटलं तर गोष्ट येऊन गेलेली असते.