जुन्या धनुष्याची दोरी ओढण्याआधी

जुनं धनुष्य हाती आलं की दोरी ओढून पाहण्याचा मोह होतोच. तो आवरावा. आधी मुठीजवळ आणि पात्यांवर, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंच्या वाकणाऱ्या भागांवर, बारीक अक्षरं शोधावीत. ‘४५# २८"’ असं काही दिसलं, तर # ही पौंडांची खूण. दोरी २८ इंच ओढली की बोटांवर ४५ पौंडांचा, म्हणजे सुमारे २० किलोंचा ताण येतो. ओढ इंचभर कमी-जास्त झाली, तर हा ताण साधारण दोन-तीन पौंडांनी बदलतो. त्यामुळे आखूड हातांच्या माणसाला तेच धनुष्य हलकं लागतं. ‘एएमओ ६२"’ ही धनुष्य बनवणाऱ्यांच्या एएमओ या अमेरिकी संघटनेच्या मापाने धनुष्याची प्रमाणित लांबी, रिकर्व्हची (वळलेल्या टोकांच्या धनुष्याची) दोरी त्याहून सुमारे तीन इंच आखूड घ्यायची. अशी अक्षरं घासून त्यावर नवं पॉलिश चढवलेलं पाहिलं की फार वाईट वाटतं. धनुष्याची ओळखच पुसली जाते.

अक्षरं नसतील तर घडण बघावी. टोकांना चाकं असतील तर ते कंपाउंड. मिसुरीच्या हॉलिस विल्बर ॲलन यांना त्याचं पेटंट १९६९ मध्ये मिळालं, यावरून वयाचा अंदाज येतो. रिकर्व्हची टोकं तिरंदाजापासून दूर, पुढे वळलेली असतात. दोरी उतरवली की ही वळणं फसवतात आणि कित्येक जण दोरी उलट्या बाजूने चढवतात. पाती मोडायला तेवढं पुरतं.

आता खरी तपासणी. ओढलेल्या ४५ पौंडी धनुष्यात सुमारे ५० ज्यूल ऊर्जा साठते. सुटताना तिचा मोठा भाग बाण घेऊन जातो. बाणच नसेल तर ती ऊर्जा पात्यांत आणि दोरीतच आदळते. म्हणून रिकामी दोरी कधीही सोडू नये. आधीच्या मालकाने ती सोडली असेल, तर त्याच्या खुणा सापडू शकतात. पात्यांवरून कापूस फिरवावा. तो अडकेल तिथे काचतंतूंचा (फायबरग्लासचा) थर उचकटलेला किंवा तडकलेला असू शकतो. लाकूड आणि काचतंतू यांच्या जोडात फट दिसली, तर ते धनुष्य भिंतीवरच शोभेल. दोरी चढवल्यावर टोकाकडून पाहावं. ती पात्यांच्या मधोमध दिसत नसेल, तर पातं पिळलेलं आहे.

दोरी डॅक्रॉन या पॉलिस्टर धाग्याचीच घ्यावी. ती थोडी ताणते आणि धक्का पचवते. आजच्या न ताणणाऱ्या दोऱ्यांचा धक्का थेट टोकांवर येतो आणि जुनी टोकं त्यासाठी घडवलेली नसतात. हे सगळं पाहून झालं की थोडी थोडी ओढ वाढवत न्यावी. कुठेही कट्‌ असा आवाज आला, तर दोरी न सोडता सावकाश मूळ जागी आणावी.