ड्रोनवरील बिनतारी चित्रप्रसारण

उडत्या ड्रोनच्या कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य त्याच क्षणी रेडिओलहरींवरून जमिनीवर पोचवण्याचे तंत्र, आणि ते भरवशाचे व्हावे म्हणून बिनतारी जाळ्यांवर चालणारे संशोधन. ड्रोन आणि जमीन यांच्यात एकाच वेळी दोन प्रवाह वाहतात. वर जाणाऱ्या आज्ञा थोड्या असतात, सेकंदाला काही किलोबिटांत त्या भागतात. पण त्या हरवल्या तर यंत्र हाताबाहेर जाते. खाली येणारे चित्र शेकडो ते हजारपट जड असते. त्यातला थोडा भाग गळाला तरी निभावते, उशीर मात्र खपत नाही. या दोन वेगळ्या गरजा एकाच छोट्या बॅटरीवर आणि बहुधा एकाच गजबजलेल्या वारंवारता-पट्ट्यात भागवायच्या असतात.

१९२० × १०८० बिंदूंचे कच्चे, म्हणजे संक्षेपण न केलेले, चित्र सेकंदाला ३० फ्रेम (सुटी चित्रे) या गतीने पाठवायचे, तर सेकंदाला सुमारे १.५ गिगाबिट लागतात. २००३ सालच्या एच.२६४ आणि २०१३ सालच्या एच.२६५ या संक्षेपण-मानकांमुळे तेच काम ५ ते १० मेगाबिटांत होऊ शकते. यातली मेख अशी, की बहुतेक फ्रेम पूर्ण पाठवल्याच जात नाहीत. आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदलले एवढेच पाठवले जाते. अधूनमधून एक संपूर्ण फ्रेम येते. नेमकी तीच वाटेत हरवली, तर तिच्यावर विसंबलेल्या पुढच्या साऱ्या फ्रेम बिघडतात. त्यात काळाचे बंधन. ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाणारा ड्रोन ०.२ सेकंदात ३ मीटर पुढे सरकलेला असतो. पडद्यावर झाडाची फांदी दिसेपर्यंत तो तिच्यात अडकलेला असू शकतो. इंटरनेटवर चित्रपट पाहताना काही सेकंदांचा मजकूर आधीच साठवून ठेवण्याची युक्ती इथे म्हणूनच निरुपयोगी ठरते.

ज्यांनी दूरदर्शनच्या काळात कौलांवर चढून अँटेना फिरवला आहे आणि खालून ‘आलं, आलं, आता गेलं’ ऐकले आहे, त्यांना या संशोधनाचा अर्धा भाग आधीच ठाऊक आहे. ॲनालॉग चित्रात सिग्नल क्षीण झाला, की मुंग्या यायच्या. आणखी क्षीण झाला, की मुंग्या वाढायच्या. पण त्या मुंग्यांतूनही बातम्या वाचणारी व्यक्ती ओळखू यायची. डिजिटल चित्राचे तसे नाही. एका मर्यादेपर्यंत ते लख्ख दिसते आणि ती मर्यादा ओलांडली, की एकदम चौकोन-चौकोन होऊन गोठते. अभियंते याला कड्यावरून कोसळण्याची उपमा देतात. शर्यतीचे ड्रोन उडवणारे अनेक जण ५.८ गिगाहर्ट्‌झवरचे ॲनालॉग प्रसारण बराच काळ सोडायला तयार नव्हते, त्यामागे हेच कारण आहे: विलंब अत्यल्प, आणि वाढत्या मुंग्या हीच मागे फिरण्याची सूचना. डिजिटल चित्राची स्वच्छता ठेवून ॲनालॉगचा हा सावकाश बिघडण्याचा गुण परत मिळवणे, हा या क्षेत्रातल्या संशोधनाचा सर्वांत रसाळ धागा आहे.

त्याची मुळे क्लॉड शॅनन यांच्या १९४८ सालच्या माहिती-सिद्धांतात आहेत. चित्राचे संक्षेपण आणि प्रसारणातल्या चुकांपासून संरक्षण ही दोन कामे वेगवेगळी केली तरी काही गमावत नाही, असे त्या सिद्धांतावरून निघते. मोबाईलपासून वाय-फायपर्यंत सगळी रचना या विभागणीवर उभी आहे. पण तिला अटी आहेत: वाहिनीचे, म्हणजे सिग्नल ज्या वाटेने जातो तिचे, गुणधर्म स्थिर हवेत आणि माहितीचे तुकडे हवे तितके लांब घेता आले पाहिजेत. ड्रोनपाशी दोन्ही नाही. वाहिनी क्षणाक्षणाला बदलते, आणि लांब तुकडा जमवायला लागणारा वेळच हातात नसतो. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये शिमोन याकुबचाक आणि डीना कताबी यांनी मांडलेल्या ‘सॉफ्टकास्ट’ पद्धतीने या दोन कामांमधली भिंत पाडली. तीत चित्राचे गणिती रूपांतर करून मिळणाऱ्या संख्यांचे शून्य-एकात कूटलेखन होत नाही. योग्य त्या प्रमाणात वाढवून-घटवून त्या जवळपास तशाच रेडिओलहरींवर चढवल्या जातात. मग वाटेतला गोंगाट थेट बिंदूंच्या उजळपणात उतरतो: थोडा गोंगाट, थोड्या मुंग्या. २०१९ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या डेनिझ गुंदुझ यांच्या गटाने हेच काम स्थिरचित्रांपुरते न्यूरल नेटवर्ककडे, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय रचनेकडे, सोपवले आणि तिथेही कड्याऐवजी उतार मिळाला.

दुसरा मार्ग अधिक व्यवहारी आहे. साध्या वाय-फायमध्ये प्रत्येक पॅकेटची, म्हणजे माहितीच्या तुकड्याची, पोच घेतली जाते. ती आली नाही तर पॅकेट पुन्हा पाठवले जाते. टेबलावरच्या लॅपटॉपला हे ठीक. पण उडत्या ड्रोनला पोच मिळेनाशी झाली, की प्रेषक जुनीच पॅकेटे पुन्हापुन्हा पाठवत बसतो, वेग उतरवतो, आणि शेवटी जोडणीच तोडतो. त्यावर उपाय म्हणून हौशी मंडळींनी वाय-फायची स्वस्त कार्डे एकतर्फी आकाशवाणीसारखी वापरायला सुरुवात केली. जोडणी नाही, पोच नाही, फक्त जास्तीची दुरुस्ती-पॅकेटे सोबत. दहांपैकी कोणतीही आठ मिळाली तरी मूळ आठ उभी राहावीत अशी बेरीज-वजाबाकी त्यांत असते. प्रयोगशाळेबाहेरच्या लोकांनी दिलेले हे योगदान कमी लेखू नये.

हवेतली वाहिनी जमिनीवरच्या वाहिनीहून निराळी असते. वर गेले, की इमारती आणि झाडे आडवी येत नाहीत, नजरेची थेट रेषा मिळते. पण नुसती रेषा मोकळी असून भागत नाही. तिच्याभोवतीचा लांबट फुग्याच्या आकाराचा प्रदेशही बराचसा मोकळा लागतो. २.४ गिगाहर्ट्‌झवर १ किलोमीटर अंतरासाठी मध्यभागी त्याची त्रिज्या साधारण ५.६ मीटर भरते. तेवढ्याच अंतरावर, सारख्याच क्षमतेचे अँटेना असताना, ५.८ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल २.४च्या तुलनेत सुमारे सहापट क्षीण पोचतो. उभ्या काडीच्या अँटेनाचे प्रारण मेदूवड्याच्या आकाराचे असते, त्यामुळे ड्रोन बरोबर डोक्यावर, म्हणजे सर्वांत जवळ असताना रेंज पडू शकते. नवशिके हमखास इथे गोंधळतात. डोंगराची आड काय करते याचा लक्षात राहील असा दाखला मंगळावरचा आहे. ‘इन्जेन्युइटी’ हेलिकॉप्टर ‘पर्सिव्हिअरन्स’ बग्गीशी साध्या ९०० मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या रेडिओवरून बोलत असे. २६ एप्रिल २०२३ रोजी आपल्या ५२व्या उड्डाणात ते उतरत असताना मधे टेकडी आली आणि संपर्क तुटला. बग्गी टेकडीच्या माथ्यावर येऊन तो पुन्हा जुळायला २८ जून उजाडला.

उंचीचा तोटा मोबाईल जाळ्यात उघडा पडतो. मोबाईल टॉवरचे अँटेना खाली, माणसांकडे झुकवलेले असतात. ड्रोनला त्यांच्या मुख्य झोताऐवजी कडेचे फुटकळ झोत मिळतात, आणि वरून एकाच वेळी कितीतरी टॉवर ‘दिसतात’. परिणामी त्याची जोडणी एका टॉवरवरून दुसऱ्यावर उड्या मारत राहते, आणि तो चित्र पाठवू लागला, की लांबच्या टॉवरांवरच्या जमिनीवरील ग्राहकांनाही व्यत्यय होतो. शिवाय ही जाळी ग्राहकाकडे जास्त माहिती उतरावी अशा हिशेबाने बांधलेली असतात. ड्रोनची गरज बरोबर उलटी. मोबाईल मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी संघटनेने २०१७ मध्ये या प्रश्नाचा स्वतंत्र अभ्यास केला, आणि त्यानंतरच्या मानकांत ड्रोनने आपली उंची जाळ्याला कळवण्याची सोय आली.

ड्रोन हलू शकतो, ही मात्र मोठी जमेची बाजू. टॉवर जागचा हलत नाही. ड्रोनला बऱ्या रेंजकडे नेता येते. योंग झेंग, रुई झांग आणि तेंग जून लिम यांच्या २०१६ सालच्या लेखानंतर उड्डाणमार्ग हाच संदेशवहनाच्या गणिताचा भाग मानण्याची रीत रुजली. एखाद्या दरीत शोधकार्य करणाऱ्या ड्रोनचे चित्र कड्यामुळे अडत असेल, तर दुसरा ड्रोन माथ्यावर तरंगत ठेवून ते पुढे पाठवता येते. सह्याद्रीच्या घाटांत हा विचार पुस्तकी राहत नाही. त्याची किंमतही आहे: एकाच वारंवारतेवर ऐकणे आणि पुढे बोलणे दोन्ही करायचे, म्हणजे दर टप्प्याला उपलब्ध वेग जवळपास निम्मा.

सुरक्षेकडे दुर्लक्ष झाल्याचे फळ २००९ मध्ये दिसले. अमेरिकी प्रिडेटर ड्रोनची चित्रे कूटबद्ध न करता पाठवली जात होती, आणि इराकमधील बंडखोरांनी ती काही डॉलरांच्या सॉफ्टवेअरने पकडल्याचे उघड झाले. युक्रेनच्या युद्धात जॅमिंग, म्हणजे मुद्दाम गोंगाट सोडून रेडिओसंपर्क बंद पाडणे, इतके वाढले, की २०२४पासून कित्येक किलोमीटर लांबीचा प्रकाशतंतू मागे उलगडत जाणारे ड्रोन आघाडीवर आले. बिनतारी संशोधनाला तारेने दिलेले हे उत्तर आहे.

भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा परवानामुक्त आहे. ५ गिगाहर्ट्‌झमधला मोठा भाग २०१८ मध्ये खुला झाला. विसर्जनाच्या मिरवणुकीसारख्या गर्दीत याच पट्ट्यांत हजारो फोन बोलत असतात, त्यामुळे मोकळ्या माळावर मिळालेला पल्ला तिथे मिळत नाही. २५ ऑगस्ट २०२१च्या ड्रोन नियमांनी उड्डाणे पुष्कळ सोपी केली. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांची, २००७ साली सुरू झालेली नवी मुंबईची आयडियाफोर्ज ही कंपनी टेहळणी ड्रोनसाठी ओळखली जाते. डीआरडीओ या संरक्षण-संशोधन संस्थेसोबत तिने ‘नेत्र’ हा ड्रोन विकसित केला. दुसरीकडे गावठाणांच्या मोजणीसाठी २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या, आणि पहिल्याच टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश असलेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनचे मुख्य काम नकाशासाठी छायाचित्रे घेणे हे आहे. ती कार्डावर साठवून नंतर उतरवली तरी चालतात. तिथे थेट चित्र फक्त उडवणाऱ्याच्या नजरेपुरते लागते.