धोक्याचं अक्षर जनुकाबाहेर

जून 2024 मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या जेम्स ली यांच्या गटाचा शोधनिबंध 'नेचर'मध्ये छापून आला, आणि बातम्यांनी त्यातला एकच आकडा उचलला: आतड्याच्या दाहाचे आजार असलेल्या 95 टक्के रुग्णांच्या डीएनएत एक कच्चा दुवा सापडला. क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे त्यातले दोन मुख्य आजार. बातमी वाचणाऱ्याला वाटणार, की आता रक्त तपासलं की हा आजार होणार की नाही ते सांगता येईल. तसं अजिबात नाही. आकडा खरा आहे, पण नुसता तेवढाच वाचला तर दिशाभूल करतो. आणि खरा शोध त्या आकड्याहून कितीतरी देखणा आहे.

आधी आकड्याचा निकाल लावू. प्रश्न आहे एकविसाव्या गुणसूत्रावरच्या एका जागेचा. डीएनए चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो. तिथे त्यांपैकी 'जी' हे अक्षर असेल तर धोका थोडा जास्त, 'ए' असेल तर थोडा कमी. प्रत्येकाकडे या गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. युरोपीय वंशाच्या लोकांमध्ये दर चार प्रतींपैकी साधारण तीन प्रतींवर 'जी' असतो. म्हणजे दोन्ही प्रतींवर 'ए' येण्याची शक्यता एक चतुर्थांश गुणिले एक चतुर्थांश, सोळांत एक. उरलेल्या पंधरा जणांकडे निदान एक 'जी' असणारच. पंधरा भागिले सोळा म्हणजे जवळजवळ 94 टक्के. ही झाली सर्वसाधारण लोकांची गोष्ट, ज्यांतल्या बहुतेकांचं आतडं ठणठणीत आहे! 95 आणि 94 यांतल्या फरकावर कोणी भविष्य सांगायला बसला, तर त्याची आणि हात पाहणाऱ्याची पंगत एकच. जनुकचाचणीचा अहवाल हातात देऊन 'तुम्हाला अमुक आजार होणार' असं सांगणाऱ्या जाहिराती वाचताना हा सोळाचा हिशेब जरूर करून पाहावा.

मग एवढ्याशा फरकाच्या मागे लागायचं कशाला? कारण तो फरक योगायोगाचा नाही. हजारो रुग्ण आणि हजारो निरोगी माणसं यांच्या डीएनएची अक्षर-अक्षर तुलना केली की कोणतं अक्षर रुग्णांत सातत्याने जास्त आढळतं ते दिसतं. अशा तुलनेतून आतड्याच्या दाहाशी निगडित दोनशेहून अधिक जागा हाती लागल्या आहेत. अडचण अशी, की यांतल्या बहुतेक जागा प्रथिनांची कृती सांगणाऱ्या भागात पडतच नाहीत. आपल्या डीएनएतली सुमारे 3 अब्ज अक्षरं पाहिली, तर त्यातला जेमतेम दीड-दोन टक्के भाग प्रथिनांची कृती सांगतो. आपली ही जागा तर अशा पट्ट्यात आहे, जिथे आसपास प्रथिन बनवणारं जनुकच नाही. अशा पट्ट्यांना जनुकांचं वाळवंट म्हणतात. तिथलं एक अक्षर बदलल्याने आतडं कसं सुजेल?

यातली यंत्रणा मला फार आवडते, म्हणून इथे जरा थांबतो.

त्वचेच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत डीएनए एकच असतो. फरक पडतो तो कोणतं जनुक चालू आहे आणि किती जोरात, यामुळे. ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे असतात, त्यांना एन्हान्सर म्हणतात. एन्हान्सर स्वतः काही बनवत नाही. त्याच्यावर विशिष्ट प्रथिनं येऊन बसतात, आणि ती बसली की एखाद्या जनुकाचं काम वाढतं. ते जनुक शेजारी असण्याची गरज नाही. लांबलचक दोरी गुंडाळून ठेवली की तिची दूरची दोन टोकं एकमेकांना टेकू शकतात, तसाच डीएनए केंद्रकात वेटोळी घेऊन असतो. आपल्या वाळवंटातली ही जागा असाच एक एन्हान्सर निघाली. तो ज्या जनुकाचं काम वाढवतो त्याचं नाव ईटीएस2, आणि ते तिथून सुमारे 2 लाख 90 हजार अक्षरं दूर सुरू होतं.

या एन्हान्सरवर बसणारं एक महत्त्वाचं प्रथिन म्हणजे पीयू-1. ते सगळ्या पेशींत नसतं. मोनोसाइट, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, आणि त्यांच्यापासून तयार होणाऱ्या मॅक्रोफेज, म्हणजे महाभक्षक पेशी, यांची घडणच पीयू-1वर अवलंबून असते. म्हणून हे अक्षर जन्मापासून शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत असलं, तरी त्याचा परिणाम दिसायचा तर या पेशींतच पाहावं लागतं. यकृताची किंवा स्नायूची पेशी तपासत बसलो असतो तर हाती काही लागलं नसतं. हजारो लोकांच्या अक्षरांची यादी करून भागत नाही, त्या आजारात राबणारी नेमकी पेशीही शोधावी लागते, ती यासाठीच.

आता 'जी' असल्याने पीयू-1 जास्त बसतं हे सिद्ध कसं करायचं? दोन माणसांची तुलना केली तर शंभर गोष्टी आड येतात: वय, आहार, औषधं, नुकताच झालेला संसर्ग. यावरचा तोडगा लाजवाब आहे. एका प्रतीवर 'जी' आणि दुसरीवर 'ए' असलेल्या माणसाच्याच पेशी घ्यायच्या. दोन्ही अक्षरं एकाच पेशीत, एकाच केंद्रकात, अगदी त्याच परिस्थितीत आहेत. मग पीयू-1 डीएनएवर जिथे बसलंय तिथेच त्याला चिकटवून टाकायचं, डीएनएचे बारीक तुकडे करायचे, पीयू-1ला धरणारी प्रतिपिंडं वापरून त्याच्यासकट आलेले तुकडे वेगळे काढायचे आणि वाचायचे. पीयू-1ला दोन्ही अक्षरं सारखीच असती तर निम्म्या तुकड्यांवर 'जी' आणि निम्म्यांवर 'ए' मिळाला असता. प्रत्यक्षात 'जी'चे तुकडे जास्त निघाले. ज्याची तुलना करायची तो आणि ज्याच्याशी करायची तोही एकच माणूस, त्यामुळे बाकीच्या शंकांना जागाच उरली नाही.

याच्या पुढचं काम क्रिस्परचं, म्हणजे डीएनए हव्या त्या जागी कापणाऱ्या तंत्राचं. मोनोसाइटमधून एन्हान्सरचा तेवढा तुकडा कापून टाकल्यावर ईटीएस2चं प्रमाण घटलं. मग ईटीएस2लाच निकामी केलं, तर महाभक्षकांचा दाह निर्माण करणारा कारभार मंदावला. उलट, स्वस्थ बसलेल्या महाभक्षकांत ईटीएस2 मुद्दाम वाढवलं, तेव्हा त्या पेशींतल्या जनुकांची हालचाल रुग्णांच्या सुजलेल्या आतड्यातल्या पेशींसारखी दिसू लागली. ईटीएस2च्या हुकमाखाली चालणाऱ्या रेणूंमध्ये टीएनएफसारखे दाह भडकवणारे रेणूही आहेत, ज्यांना अडवणारी औषधं डॉक्टर गेली पंचवीसेक वर्षं देत आले आहेत. म्हणजे आजवर आपण फांद्या छाटत होतो, हे त्यांच्या बुंध्याजवळ पोहोचणं आहे. हीच जागा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस या मणक्याच्या आजाराशी आणि मोठ्या रोहिण्यांना सूज आणणाऱ्या ताकायासू आजाराशीही जोडलेली आहे. वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जाणाऱ्या या रुग्णांच्या आजारांची एक वाट इथे एकत्र येते.

धोक्याचं हे अक्षर निअँडरथल माणसाच्या डीएनएतही सापडतं. निदान पाच लाख वर्षं ते टिकून आहे आणि बहुसंख्य माणसांत आहे, तेव्हा त्याचा काही उपयोगही झाला असणार. जिवाणूंचा हल्ला झाल्यावर चटकन पेटून उठणारा महाभक्षक हा प्रतिजैविकं नसलेल्या काळात मोठाच आधार होता. 'रोगप्रतिकारशक्ती वाढवा' म्हणून पावडरी आणि काढे विकणाऱ्यांनी ही बाजू कधी सांगितलेली नसते. क्रोन्सच्या रुग्णाचा त्रास प्रतिकारशक्ती कमी पडल्याने झालेला नाही, ती आवरत नसल्याने झालेला आहे. तिला कमाल पातळीवर नेणं हे आरोग्य नव्हे. अशा रुग्णाला असली पुडी आग्रहाने देणं तर सरळसरळ चूक आहे, मग त्यामागची माया कितीही खरी असो.

औषधाचं काय? ईटीएस2ला थेट अडवणारं औषध उपलब्ध नाही. म्हणून संशोधकांनी उलटा शोध घेतला: ईटीएस2 निकामी केल्यावर पेशीत जे बदल होतात, तसेच बदल कोणती औषधं घडवतात? उत्तरात एमईके-रोधक वर आले. काही कर्करोगांवर ही औषधं आधीपासून दिली जातात. एमईके हा ईटीएस2ला चेतवणाऱ्या संदेशसाखळीतला दुवा असल्याने हे उत्तर बसतंही चपखल. प्रयोगशाळेत या औषधांनी महाभक्षकांचा दाह कमी केला, आणि रुग्णांच्या आतड्यातून काढलेल्या नमुन्यांतही कमी केला.

पण हीच संदेशसाखळी शरीरातल्या इतर असंख्य पेशी वाढीसाठी आणि दुरुस्तीसाठी वापरतात. कर्करोगात जे दुष्परिणाम नाइलाजाने सोसले जातात, ते विशी-पंचविशीत सुरू होऊन जन्मभर चालणाऱ्या आजारात सोसायला सांगणं कठीण आहे. म्हणून गोळी आहे तशीच आतड्याच्या रुग्णांना देऊन चालणार नाही, औषध फक्त महाभक्षकांपर्यंत पोहोचवावं लागेल. ली यांच्या गटाने आता तेच काम हाती घेतलं आहे.