डोंगर कपड्यांत कसा उतरला

निर्जन मुलुखावरून बेतलेलं जॅकेट म्हटलं की आज आधी रंग डोळ्यांसमोर येतात. हिमनदीचा निळा, शेवाळाचा हिरवा, लाव्हाच्या खडकाचा काळा. पण रंगांची ही हौस अलीकडची. त्याआधी निसर्ग कपड्यात उतरायचा तो थरांतून आणि टाक्यांतून, आणि माझ्या मते या कलेचा अस्सल भाग तोच आहे.

सुरुवात आर्क्टिकपासूनच करायला हवी. तिथल्या मूळ रहिवासी इन्युइट लोकांच्या बायका कॅरिबूच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या रेनडिअरच्या, कातड्याचे दोन अंगरखे शिवत. आतल्याची केसाळ बाजू अंगाकडे, वरच्याची बाहेर. कॅरिबूचे केस पोकळ, त्यात दोन थरांमध्ये हवा कोंडलेली, म्हणून कपडा हलका राहूनही ऊब टिकायची. अलास्का आणि ग्रीनलँडच्या किनाऱ्यांवर सीलच्या आतड्यांच्या पट्ट्या जोडून पाणी न शिरणारे अंगरखे होत. बर्फ, वारा आणि शिकार यांनी पिढ्यानपिढ्या ठरवलेलं हे डिझाइन होतं. नॉर्वेचे शोधप्रवासी रोआल्ड आमुंडसन १९०३ ते १९०५ या काळात उत्तर कॅनडातल्या किंग विल्यम बेटावर नेटसिलिक इन्युइट लोकांकडून ते शिकले, आणि १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचलेल्या त्यांच्या तुकडीला हीच विद्या कामी आली.

युरोपात कापडाचा विचार वेगळ्या अंगाने झाला. इंग्लंडचे कापड व्यावसायिक टॉमस बर्बरी यांनी १८८८ मध्ये गॅबर्डीन या कापडाचं पेटंट घेतलं. धाग्यावर आधीच पाणी रोखणारी प्रक्रिया करायची आणि मग घट्ट विणायचं, म्हणजे वारा अडतो पण घामाची वाफ बाहेर पडते. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत गिर्यारोहक जॉर्ज फिंच यांनी हवाई फुग्याच्या कापडात बदकाची पिसं भरून कोट करवून घेतला. सोबत्यांनी आधी त्याची थट्टा केली. वर थंडी बोचू लागल्यावर ती थांबली.

भूदृश्य चित्र म्हणून कपड्यावर आलं ते नंतर. १९६८ मध्ये अमेरिकन गिर्यारोहक इव्हॉन शुइनार्ड आणि डग टॉम्पकिन्स मित्रांसोबत कॅलिफोर्नियाहून गाडीने दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे निघाले आणि तिथल्या पॅटागोनिया प्रदेशातलं फिट्झ रॉय शिखर चढले. शिखर ३,४०५ मीटरचं, पण तिथली वादळं भयंकर. तिथे त्यांना कित्येक दिवस बर्फाच्या गुहेत काढावे लागले. १९७३ मध्ये शुइनार्ड यांनी कपड्यांच्या कंपनीला त्या प्रदेशाचं नाव दिलं, पॅटागोनिया, आणि तीच शिखररांग लेबलवर आली. तोवर डोंगरातले कपडे बहुतेक खाकी, करडे किंवा गडद हिरवे असत. ऐंशीच्या दशकात या कंपनीने कोबाल्ट निळा, आंब्याचा पिवळा असे झळझळीत रंग आणले. बर्फात किंवा खडकात माणूस लांबून दिसावा यासाठी असे रंग खरोखर उपयोगाचे असतात, म्हणून मला ही नुसती फॅशन वाटत नाही.

मधल्या काळात कृत्रिम पदार्थांनी सगळं बदललं. अमेरिकन संशोधक बॉब गोर यांनी १९६९ मध्ये पीटीएफई (टेफ्लॉन म्हणून ओळखलं जाणारं प्लास्टिक) झटकन ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा मिळवला: पाण्याचा थेंब आत जात नाही, वाफ बाहेर जाते. पुढे फ्लीस, म्हणजे लोकरीसारखं मऊ कृत्रिम कापड, आलं. पण पाणी झटकण्यासाठी कापडावर जी फ्लोरिनयुक्त रसायनं चढवली, ती निसर्गात जवळपास विघटित होत नाहीत. दुर्गम डोंगरांतल्या बर्फात आणि तळ्यांतही त्यांचे अंश सापडले. मला हे फार लागतं, कारण ज्या मुलुखाच्या प्रेमापोटी हा कपडा शिवला, तिथेच ही घाण साचते आहे. कॅलिफोर्नियाने २०२५ पासून कापडात या रसायनांवर बंदी घातली. अतिपावसाच्या कपड्यांना २०२८ पर्यंत, लेबलवर तसं लिहून, मुभा आहे. फ्लोरिनविरहित थर तेलकटपणाने लवकर मलूल पडतो, कपडा वेळोवेळी धुऊन पुन्हा थर द्यावा लागतो, आणि म्हणून काही डिझाइनर आता घट्ट विणीच्या, मेण लावलेल्या सुती कापडाकडे पुन्हा वळत आहेत.