माळवदाचा वाडा (सोलापूर)

मातीच्या सपाट छताला सोलापूर भागात माळवद म्हणतात, आणि असे छत घालून, मधोमध चौक सोडून बांधलेल्या जुन्या घराला माळवदाचा वाडा. सोलापूर शहरात कसबा, बाळीवेस, शुक्रवार पेठ, मंगळवार पेठ या भागांत आणि जिल्ह्यात अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढ्याच्या जुन्या गावठाणांत हे वाडे आढळतात. सोलापूरची वारसावास्तू म्हटले की आप्पासाहेब वारदांनी बांधलेले आणि आता महापालिकेचे कार्यालय असलेले इंद्रभुवन लोकांच्या डोळ्यांसमोर येते. ते श्रीमंतीचे प्रदर्शन होते. गावाचे राहते घर मात्र माळवदाचेच.

वर्षाला सरासरी ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस आणि मे महिन्यात ४२-४३ अंशांचे ऊन, अशा मुलखात कौलाच्या उताराची गरज नसते. ऊन अडवणारी जाडी लागते. वाड्याच्या बाहेरच्या भिंती दोन-तीन फूट जाड असतात. खाली काळ्या घडीव दगडाचे थर, वर दगड-माती किंवा कच्च्या भेंड्या, म्हणजे न भाजलेल्या मातीच्या विटा. भार मात्र पुष्कळदा भिंतींवर नसतो, तो आतल्या सागवानी खांबांवर असतो. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण, आणि घर केवढे हे खणांतच सांगत.

छताचे थर असे: खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर खेटून बसवलेले किलचण म्हणजे लाकडाच्या चिपा, त्यावर तरवडाचा किंवा कडुनिंबाचा पाला, पाल्यावर चिखल आणि सर्वांत वर फूटभर पांढरी माती. सारी करामत या मातीत आहे. शेतातली काळी माती घातली तर उन्हाने भेगाळते आणि पहिल्याच पावसात घर गळते. म्हणून चोपण रानातली खारट माती आणतात, नाहीतर जुन्या पांढरीची, म्हणजे जुन्या गावठाणाची. खाऱ्या मातीतल्या सोडियममुळे चिकणमातीचे कण ओल लागताच सुटतात, खालच्या बारीक वाटांत जाऊन बसतात आणि त्या बुजवतात. एक-दोन सरी छत ठिबकते, मग आपोआप बंद होते. खारेपणामुळे गवतही कमी माजते. जिल्ह्यातल्या कित्येक पांढऱ्या मातीच्या गढ्यांचे बुरूज शत्रूने पाडलेले नाहीत. ते पाटी-पाटीने शेजारच्या माळवदांवर चढले आहेत.

मृग लागण्याआधी माळवदावर जाऊन गवत उपटायचे, पिंपळाचे रोप दिसले तर मुळासकट काढायचे, पन्हाळी मोकळ्या करायच्या, खड्ड्यात नवी माती टाकून चोपायची, ही कामे चुकवून चालत नाही. म्हणजे वाड्याला वास्तुविशारदापेक्षा राबते कुटुंब जास्त लागते. उरलेले वर्षभर तीच जागा कुरडया-पापड, मिरच्या आणि शेंगा वाळवायला; उन्हाळ्यात झोपायला. धूर जाण्यासाठी आणि उजेडासाठी छतात ठेवलेल्या झरोक्याला साणे किंवा सवणे म्हणतात. पाऊस आला की त्यावर फरशी ओढायला कुणाला तरी वर पळावे लागते.

दरवाजातून आत शिरले की ढेलज म्हणजे देवडी, मग चौक, चौकाभोवती सोपे म्हणजे चौकाकडे उघड्या ओसऱ्या, आत माजघर आणि देवघर. भिंतीच्या जाडीत बळद असते: वरून ज्वारी ओतायची, खालच्या तोंडातून काढायची.

या घरांत राहिले ते पाटील, कुलकर्णी, देशमुख, लिंगायत व्यापारी, सावकार. काही वाड्यांना त्याहून मोठा मान मिळाला. उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघतात. अक्कलकोटला स्वामी समर्थ त्यांचे भक्त चोळप्पा यांच्या घरी राहिले, १८७८ मध्ये त्यांनी देह ठेवल्यावर समाधीही तिथेच बांधली गेली आणि घराचा मठ झाला. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांची घरे निराळी: तिथे खड्डामागाला, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून चालवायच्या हातमागाला जागा आधी, माणसांना नंतर.

१८७७ मध्ये ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी निघाली आणि शहरात माणूस लोटला. वाड्यांच्या सोप्यांना तट्ट्या लागल्या, एका चौकाभोवती पाच-सहा बिऱ्हाडे झाली. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच नळावर ऐकू येऊ लागल्या. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. मग माती मालकाने टाकायची की भाडेकरूने, या वादात कुणीच टाकली नाही.

दुसरा फटका किल्लारीच्या भूकंपाचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत दगड-मातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो जीव गेले. सोलापुरातही जमीन हादरली. दोष एकट्या माळवदाचा नव्हता. भिंतीचे आतले आणि बाहेरचे अंग सांधणारे लांब दगडच घातलेले नव्हते, त्यामुळे भिंती फुटल्या. खांबांवर छत पेललेली बरीच खणांची घरे भिंती पडूनही उभी राहिली. पण जुनी माती न काढता वर्षानुवर्षे नवी टाकत गेल्याने छताचे वजन बेसुमार वाढलेले होते, हेही खरे. ज्या कष्टाने घर गळायचे थांबले त्यानेच ते जड केले. त्यानंतर लोकांनी माळवद उतरवून पत्रे घातले. ज्यांना परवडले त्यांनी स्लॅब.

उरलेल्या वाड्यांना आजकाल वरून सिमेंटचा थर देतात. तो घातक ठरतो, कारण आतली ओल कोंडते आणि कड्या वरून कोरड्या दिसत आतून कुजतात. जाणता गवंडी आधी जुनी माती खरवडून भार उतरवतो, प्रत्येक कडी टोचून पाहतो, किडकी बदलतो आणि मगच नवा पाला घालतो. तसा गवंडी आणि तशी माती दोन्ही दुर्मीळ झाल्यामुळे वाडा विकणे सोपे पडते: जागा बिल्डरला, सागवानी खांब आणि नक्षीची चौकट जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला.